विमानतळाभोवतीचा भूवापर: ६५ च्या रेषेबाहेर घरं चालतात, हे नक्की कशावरून?

आडवाछेद

विकास आराखड्याच्या मसुद्यावर विमानतळाचा ध्वनी नकाशा ठेवून पाहिला की बहुतेक शहरांत एकच चित्र दिसतं. ६५ डेसिबलची समध्वनी रेषा (सारख्या सरासरी आवाजाची ठिकाणं जोडणारी रेघ) जिथे जाते, तिला चिकटून पलीकडे पिवळा रंग सुरू. आत गोदामं, बाहेर घरं. जणू आवाज त्या रेषेपाशी चपला काढून थांबतो.

हा ६५ आकडा आला कुठून, ते आधी मांडतो. अमेरिकेत विमानतळ ध्वनी नियोजनाचे नियम (भाग १५०) १९८० च्या दशकात आले. त्यांच्या भूवापर तक्त्यात ६५ डीएनएलच्या खाली सगळे वापर 'सुसंगत' धरले आहेत. डीएनएल म्हणजे २४ तासांची ऊर्जा-सरासरी, ज्यात रात्री १० ते सकाळी ७ मधल्या प्रत्येक विमानाला १० डेसिबलचा दंड लावतात. पण त्याच देशाच्या पर्यावरण संस्थेनं १९७४ मध्येच आरोग्यासाठी ५५ चा आकडा दिला होता. ६५ निवडताना खर्च आणि व्यवहार्यता हिशेबात धरली होती. युरोपीय संघाचा २००२ चा ध्वनी निर्देश ५५ एलडेनपासून (एलडेन म्हणजे डीएनएलसारखीच सरासरी, पण संध्याकाळलाही दंड) नकाशे मागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी जी शिफारस केली ती विमानांसाठी ४५ एलडेन आणि रात्री ४०.

म्हणजे ४५ ते ६५ असा २० डेसिबलचा पट्टा आहे. एक टोक आरोग्याचं, दुसरं सोयीचं. या पट्ट्यात काय बांधू द्यायचं आणि कोणत्या अटींवर, यावर जाणकारांनी लिहावं. 'विमानतळ आधी की वस्ती आधी' हा वाद कृपया इथे नको, त्यावर वेगळे धागे आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो: आराखडा वीस वर्षांचा असेल तर रेषा आजच्या विमानांची काढून उपयोग नाही. धावपट्टी पूर्ण भरली, रात्रीची विमानं आली, तेव्हाची काढा.

---

समध्वनी

सहमत. रात्रीच्या विमानांचा मुद्दा आकड्यांत मांडतो, कारण नियोजन समितीच्या बैठकीत नेमका इथेच घोळ होतो.

सूत्र सोपं आहे. एका ठिकाणी प्रत्येक विमानाची ध्वनिमात्रा (एसईएल, म्हणजे पूर्ण उड्डाणाची ऊर्जा एका सेकंदात कोंबली तर येणारी पातळी) सारखी धरली, तर

डीएनएल = एसईएल + १० × लॉग (दिवसाची विमानं + १० × रात्रीची विमानं) − ४९.४

४९.४ म्हणजे दिवसाच्या ८६,४०० सेकंदांचा लॉग गुणिले १०.

आता एसईएल ९० घ्या, दिवसा १०० विमानं, रात्री १०. कंसात येतात २००, त्याचा लॉग गुणिले दहा म्हणजे २३. उत्तर ६३.६. रेषेच्या बाहेर, घरं मंजूर.

वेळापत्रकात दिवसा १० विमानं वाढली: २१०, उत्तर ६३.८. काही फरक नाही.

तीच १० विमानं रात्री वाढली: ३००, उत्तर ६५.४. जागा न हलता रेषेच्या आत आली.

दहा मालवाहू विमानांचा परवाना म्हणजे आराखड्यातली एक आख्खी वसाहत 'विसंगत' होणं, ते असं. आणि याची उलट बाजूही लक्षात ठेवा: एकूण विमानं निम्मी केली तरी फक्त ३ डेसिबल कमी होतात. लोकांना वाटतं विमानं निम्मी म्हणजे आवाज निम्मा. 'निम्मा' ऐकू यायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात.

एलडेनमध्ये संध्याकाळलाही ५ डेसिबल दंड असतो, म्हणजे संध्याकाळचं एक विमान दिवसाच्या साधारण ३.२ विमानांबरोबर. त्यामुळे डीएनएलचा ६५ आणि एलडेनचा ६५ थेट तुलनेला घेऊ नयेत. फरक छोटा असतो, पण रेषेवरच्या भूखंडाला तोच नडतो.

---

धावपट्टी२७

वरचा हिशेब बरोबर आहे, पण सरासरी हेच मुळात अर्धं दुखणं आहे.

सिडनीचं उदाहरण घ्या. १९९४ मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाची पद्धत एएनईएफ नावाच्या निर्देशांकावर चालते: २० च्या खाली घरं स्वीकार्य, २० ते २५ अटींसह, २५ च्या वर नाही. २० च्या बाहेरच्या लोकांनी नकाशा पाहिला आणि 'आपल्याकडे आवाज नाही' असं समजून निश्चिंत झाले. धावपट्टी सुरू झाल्यावर गदारोळ झाला, प्रकरण थेट सिनेटच्या समितीपर्यंत गेलं. नकाशा चुकीचा नव्हता. पण त्यावरून 'दिवसाला किती विमानं माझ्या डोक्यावरून जाणार' हे साध्या माणसाला कळत नव्हतं.

त्यातून एन७० नकाशे पुढे आले. एन७० म्हणजे दिवसाला किती वेळा आवाज ७० डेसिबल ओलांडतो. ७० का, तर खिडकी उघडी असताना घरात साधारण ६० उरतो आणि तिथे बोलणं तुटतं, फोनवर 'थांबा, विमान चाललंय' म्हणावं लागतं. 'एएनईएफ १८' समजायला तज्ज्ञ लागतो. 'रोज ७० डेसिबलच्या वर ५० विमानं' समजायला कोणीही चालतो. आराखड्याबरोबर डीएनएल किंवा एलडेनचा नकाशा कायद्यासाठी ठेवा, आणि एन७० (रात्रीसाठी एन६०) लोकांसाठी जोडा.

दुसरं, वार्षिक सरासरी वाऱ्यावर चालते. एखाद्या टोकाकडून वर्षात ३० टक्केच दिवस उतरतात असं धरा. त्या टोकाखाली सरासरी पातळी साधारण ५ डेसिबलनी कमी दिसते. पण ज्या दिवशी वारा फिरतो त्या दिवशी सगळीच्या सगळी विमानं तिथूनच. माणूस सरासरी दिवस जगत नाही. म्हणून नकाशे मागताना 'वार्षिक सरासरी' आणि 'एकाच दिशेचा पूर्ण दिवस' असे दोन्ही संच मागावेत.

तिसरं, आकार. उतरणारी विमानं ३ अंशांच्या उतारावर, जवळजवळ सरळ रेषेत येतात. धावपट्टीच्या टोकापासून ५ किमीवर उंची साधारण २८० मीटर, १० किमीवर ५४०. त्यामुळे उतरण्याच्या बाजूची रेषा सुईसारखी लांब आणि बारीक. उड्डाणाच्या बाजूला जोर जास्त आणि वळणं लवकर, म्हणून पसारा फुगीर. नकाशावर गोल वर्तुळ काढून 'विमानतळापासून ५ किमी' असा नियम ज्यांनी केलाय त्यांनी धावपट्टीच्या बाजूला राहणाऱ्यांवर अन्याय केला आणि टोकाशी राहणाऱ्यांना फसवलं.

---

कावळा_उडाला

एवढी गणितं करण्यापेक्षा मीटर लावून मोजा की सरळ! मॉडेल विमानतळवालेच बनवणार, मग त्यात काय येणार ते ठरलेलंच.

---

समध्वनी

@कावळा_उडाला, शंका रास्त आहे, पण मीटर आजचा आवाज मोजतो. २० वर्षांनंतरचा मोजणारा मीटर मिळाला तर कळवा.

मीटरचा खरा उपयोग मॉडेल तपासायला. त्यासाठी पहिल्या वर्गाचं उपकरण हवं, मायक्रोफोन भिंती-छपरांपासून दूर आणि उंच खांबावर हवा, आणि प्रत्येक घटना रडार किंवा एडीएस-बीच्या (विमान स्वतःच प्रसारित करतं त्या स्थान-संकेतांच्या) मार्गाशी जुळवायला हवी. विमानाचा आवाज आजूबाजूच्या आवाजाच्या साधारण १५ डेसिबल वर येत नसेल तर ती घटना वेगळी काढता येत नाही. रस्त्याकाठी खांब ठोकून मोजलेल्या आकड्यांत विमान किती आणि ट्रक किती, हे कोणालाच सांगता येत नाही. हंगाम बदलला की धावपट्टीची दिशा बदलते, म्हणून आठवडाभराची मोजणी निरुपयोगी. किमान दोन्ही दिशा पुरेशा सापडतील इतका काळ मोजा.

'मॉडेलमध्ये काय घातलं' हे तपासायचं असेल तर अहवालात या गोष्टी शोधा. कोणत्या वर्षाची विमानसंख्या. रात्रीचा वाटा किती धरला. प्रत्येक धावपट्टी टोकाचा टक्का. उड्डाणं किती लांबच्या प्रवासाची धरली, कारण इंधनानं जड विमान सावकाश चढतं आणि जमिनीवर जास्त ऐकू येतं. उड्डाणमार्ग एकच रेघ धरलाय की दोन्ही बाजूंचा विखुरलेला पट्टा. भविष्यातल्या ताफ्यात अजून कागदावर असलेली शांत विमानं किती घातली. शेवटच्या ओळीत सगळ्यात जास्त लबाडी खपते.

---

नगररचना_कट्टा

मूळ प्रश्नाकडे: कुठे काय चालतं. डीएनएलच्या पट्ट्यांनी लिहितो, कारण तक्ते त्यातच उपलब्ध आहेत.

७५ च्या वर: विमानतळाचं स्वतःचं काम, गोदामं, वाहनतळ, जड उद्योग. कार्यालयाचा भाग असेल तर त्याला ध्वनिरोधन. माणूस झोपणार अशी एकही खोली नको. 'रखवालदाराची खोली' या नावाखाली जे उभं राहतं तेही नको.

७० ते ७५: उद्योग, घाऊक व्यापार, २५ डेसिबल घट देणारी कार्यालयं. खुलं नाट्यगृह, सभामैदान नको. अमेरिकी तक्त्यात खुली रंगभूमी ६५ च्या वरच बाद आहे, पण क्रीडांगण ७५ पर्यंत चालतं. खेळताना मध्येच दहा सेकंद ऐकू आलं नाही तर बिघडत नाही, भाषणात बिघडतं.

६५ ते ७०: कार्यालयं, दुकानं, बागा, खेळाची मैदानं. घरं मूळ नियमानुसार नाहीत. स्थानिक संस्थेनं 'गरज आहेच' असं ठरवलं तर २५ डेसिबल घट देणाऱ्या बांधकामाच्या अटीवर. तक्त्याखालच्या टिपेत स्पष्ट लिहिलंय की ध्वनिरोधनानं बाहेरच्या आवाजाचा प्रश्न सुटत नाही. ती टीप कोणी वाचत नाही.

५५ ते ६५: खरी कसोटी इथे. सरसकट बंदीची जमीन ही नाही, सरसकट मोकळीकही नको. शाळा, पाळणाघर, रुग्णालय, वृद्धाश्रम ६० च्या रेषेच्या आत आणू नयेत, हा माझा आग्रह. घरं आणायची तर नवीन बांधकामाला रोधनाची अट, आणि घनता कमी ठेवण्यापेक्षा इमारतीची मांडणी नीट.

दोन चुका वारंवार दिसतात. पहिली: हॉटेलला परवानगी मिळते, कारण पाहुणा दोन रात्री राहतो. पाच वर्षांनी तीच इमारत 'सेवायुक्त सदनिका' होते. वापरबदलाचं कलम परवानगीतच घाला. दुसरी: 'आवाज चालतो' म्हणून कचरा डेपो किंवा मोठा तलाव तिथे टाकतात. पक्षी जमतात. पक्ष्यांना खेचणाऱ्या वापरांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात विमानतळाभोवती १३ किमीचं वर्तुळ धरतात. तसंच उंचीचं: आतल्या क्षैतिज पृष्ठभागाची (विमानतळाभोवतीचं काल्पनिक सपाट छत, ज्याच्या वर बांधकाम नको) मर्यादा विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर. गोदामाला ती पुरते, पण बांधकामाच्या क्रेनला वेगळी परवानगी लागते हे कंत्राटदाराला भिंती उभ्या राहिल्यावर कळतं.

---

काचखिडकी

रोधनाबद्दल फार मोघम लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर.

'२५ डेसिबल घट' म्हणजे बाहेरचा आणि खोलीतला फरक. खिडक्या बंद असलेलं साधं घर साधारण २० देतं असं धरतात. खिडकी थोडी उघडली की १५ वर येतं. म्हणजे नियम प्रत्यक्षात मागतो तो फक्त ५ डेसिबल जादा, पण *खिडक्या बंद ठेवून*. बंद ठेवायच्या तर हवेची सोय यंत्राने करावी लागते. ती नसेल तर लोक पहिल्या उकाड्यात खिडकी उघडतात आणि सगळा खर्च पाण्यात.

आता फटीचं गणित, हे प्रत्येक अभियंत्याच्या टेबलावर चिकटवावं असं आहे. भिंत कितीही चांगली असो, क्षेत्रफळाच्या १ टक्का उघडं असेल तर एकूण रोधन २० डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. ०.१ टक्का उघडं असेल तर कमाल ३०. दहा चौरस मीटरच्या बाह्य भिंतीत ०.१ टक्का म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर: १० बाय १० चं एक वायुवीजनाचं भोक. स्वयंपाकघराच्या पंख्याचं भोक याहून मोठं असतं. महागड्या काचा बसवून तक्रार तशीच राहिली की आधी भोकं शोधा. वातानुकूलन यंत्राच्या नळीभोवतीची फट, खिडकीच्या चौकटीमागे न भरलेला गारा, सरकत्या तावदानाखालची पाणी जाण्याची छिद्रं.

काच. 'दुहेरी काच लावली' हे वाक्य पुरेसं नाही. कारखान्यात बनलेल्या सीलबंद दुहेरी काचेत मधली पोकळी साधारण १२ मिमी असते. ६ मिमीच्या दोन काचा, प्रत्येकी १५ किलो प्रति चौरस मीटर. हा स्प्रिंगला लावलेल्या दोन वजनांसारखा संच आहे आणि तो साधारण २०० हर्ट्झला स्वतःच डोलतो. विमानाचा घुमणारा भाग नेमका त्याच परिसरात. तीच दोन तावदानं १५० मिमी अंतरावर बसवली तर डोलण्याची वारंवारता साधारण ५७ हर्ट्झवर उतरते आणि त्रासदायक पट्टा मोकळा होतो. म्हणून विमानतळाजवळ आतून दुसरी स्वतंत्र खिडकी बसवणं जास्त फळतं. दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेऊ नका. ६ आणि ८, किंवा एक ६.४ ची लॅमिनेटेड. दोन चौकटींमधल्या बाजूंना २५ ते ५० मिमी शोषक अस्तर. आतली खिडकी सरकती नको, बिजागरीची आणि रबर दाबून बसणारी हवी. सरकत्या खिडकीचा ब्रश सहा महिन्यांत झिजतो.

विक्रेता आरडब्ल्यूचा (खिडकी किती आवाज अडवते त्या प्रमाणित मापाचा) आकडा दाखवतो. त्यापुढचा सीटीआर सुधारही (खालच्या, घुमणाऱ्या आवाजासाठीची दुरुस्ती) विचारा, तो सहसा ऋण ४ ते ६ असतो. आरडब्ल्यू ३५ ची खिडकी विमानाच्या घुमण्यासाठी ३० चीच.

छप्पर. रस्त्याचा आवाज भिंतीवर येतो, विमानाचा डोक्यावर. १५० मिमीचा काँक्रीट स्लॅब चौरस मीटरला ३६० किलोच्या आसपास, त्याला हात लावायची गरज नाही. पत्र्याचं किंवा कौलांचं हलकं छप्पर असेल तर मात्र खिडकीवर खर्च करण्याआधी छत: लवचीक टांगणीवर जिप्समचे दोन थर, वर १०० मिमी खनिज लोकर, आणि पोटमाळ्याच्या झरोक्यांना आतून अस्तर लावलेली वाकडी वाट.

ताज्या हवेची नळी: आतून शोषक अस्तर, किमान दोन काटकोनी वळणं, पंखा भिंतीला न चिकटवता रबरावर. पंख्याचाच आवाज रात्री त्रास देत असेल तर लोक तो बंद करतात.

तपासणी भोगवट्याआधी व्हावी. आयएसओ १६२८३ च्या तिसऱ्या भागात इमारतीच्या दर्शनी भिंतीची चाचणी आहे, बाहेरच्या ध्वनिक्षेपकावर किंवा खऱ्या विमानांवरही करता येते. शंभर सदनिकांत पाच-सात तपासल्या तरी पुरे, पण *कोणत्या* ते बिल्डरने निवडायचं नाही.

---

तिसरा_मजला

काचखिडकी यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. पण एक आक्षेप आहे. हे सगळं झालं की बिल्डर म्हणतो, 'रोधन केलं, आता ७० मध्येही घरं द्या'. मग गच्ची, अंगण, बाल्कनी, मुलांचं खेळणं याचं काय? घर म्हणजे डबा नव्हे.

शाळांबद्दल तर पुरावा भरपूर आहे. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद झाला आणि नवा दुसरीकडे सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली. नव्याजवळ वाचन आणि दीर्घ स्मरण ढासळलं, जुन्याजवळ सुधारलं. नंतर लंडनचं हीथ्रो, ॲमस्टरडॅमचं स्किपोल आणि माद्रिदच्या बाराखासभोवतीच्या ९-१० वर्षांच्या २८०० हून जास्त मुलांच्या अभ्यासातही (निकाल २००५) आवाज वाढत गेला तसं वाचन मागे पडत गेलं. वर्गात शांतता हवी ती ३५ डेसिबलची. बाहेर ६५ असेल तर ३० ची घट, तीही सतत, खिडक्या बंद ठेवून. त्यापेक्षा शाळेचं आरक्षण दोन किलोमीटर आडवं सरकवणं स्वस्त. धावपट्टीच्या रेषेपासून *बाजूला* सरकवा, रेषेवरच पुढे नको.

आणि वैतागाचे जुने आकडे आता चालत नाहीत. आवाज आणि त्रास यांच्या जुन्या वक्रानुसार ६५ डीएनएलला १२-१३ टक्के लोक 'अतिशय त्रस्त'. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनानं २० विमानतळांभोवती १०,००० हून जास्त लोकांना विचारून २०२१ मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्यात त्याच ६५ ला हा वाटा ६० ते ७१ टक्के आहे. ५० ला १५ ते २३. म्हणजे जुना ६५ चा त्रास आता ५० लाच होतो.

---

हिशेबी

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू.

४५ च्या रेषेपर्यंत घरं नकोत म्हटलं तर मोठ्या विमानतळाभोवती अर्धं शहर बाद होतं. ती घरं मग दूर जातात आणि त्यांच्या प्रवासाचा आवाज आणि धूर दुसऱ्या कोणाच्या दारात. माँट्रियलच्या मिराबेलनं उलटी चूक करून दाखवली आहे. १९७५ ला सुरू झालेल्या त्या विमानतळासाठी, आवाजाचा प्रश्नच येऊ नये म्हणून, साधारण ३९,००० हेक्टर जमीन ताब्यात घेतली होती. शहरापासून इतका दूर की प्रवासी फिरकले नाहीत. बरीचशी जमीन मूळ मालकांकडे परत गेली आणि २००४ मध्ये प्रवासी विमानंही थांबली.

शिवाय विमानं शांत होताहेत. अमेरिकेत ६५ च्या आत राहणारे १९७० च्या दशकाच्या मध्यात साधारण ७० लाख होते, आता साधारण चार लाख, आणि या काळात विमान प्रवासी कितीतरी पटींनी वाढले. मग वीस वर्षांपूर्वीची रेषा धरून जमीन का अडकवायची?

---

आडवाछेद

हिशेबी, मिराबेलचा मुद्दा मान्य. पण रेषा आक्रसली म्हणून जमीन मोकळी करणं हाच सापळा आहे. रेषा आक्रसते ती शांत ताफ्यामुळे. तिथे घरं आली, मग विमानसंख्या वाढली, रात्रीची मालवाहतूक आली, रेषा पुन्हा फुगली. घरं काही परत जात नाहीत. लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला समुद्रकाठची सर्फरिज वसाहत अशीच विकत घेऊन पाडावी लागली. रस्ते आणि पदपथ अजून आहेत, वस्ती दुर्मीळ निळ्या फुलपाखरांची. फुलपाखरांचं भलं झालं, पण हा काही स्वस्त मार्ग नव्हे.

म्हणून दोन रेषा असाव्यात. आतली रेषा कडक: क्षमता पूर्ण भरल्यावरची, कोणत्याही कारणानं न सरकणारी, तिच्या आत नवीन निवासी नाही. बाहेरची रेषा अटींची: रोधन, मांडणी, आणि खरेदीदाराला सूचना. बाहेरची दर पाच वर्षांनी तपासा. सरकवायची तर फक्त बाहेरच्या बाजूला.

सूचनेबद्दल. ती विक्रीच्या जाहिरातीत, करारनाम्यात आणि नोंदणी दस्तात, तिन्हीकडे हवी. 'या भूखंडावरून दिवसाला इतकी, रात्री इतकी विमानं जातील, बाहेरची पातळी इतकी' असं लिहा. 'विमानतळाच्या सान्निध्यात' हे वाक्य सूचनेचं नाही, जाहिरातीचं आहे. अमेरिकेत याबरोबर उड्डाण-हक्काचा (जमिनीवरून विमानं जाऊ देण्याच्या संमतीचा) दस्तही घेतात, त्यामागे दोन निकाल आहेत. १९४६ च्या कॉसबी खटल्यात लष्करी विमानं ८३ फुटांवरून जायची आणि कोंबड्या घाबरून भिंतीवर आपटून मरायच्या. सर्वोच्च न्यायालयानं ती जमीन घेण्यासारखंच धरलं. १९६२ च्या ग्रिग्ज निकालानं भरपाईची जबाबदारी विमानतळाच्या मालकावर टाकली. तेव्हापासून विमानतळांना भोवतालच्या जमिनीत अचानक रस वाटू लागला.

---

कावळा_उडाला

झाडं लावली तर? किंवा उंच भिंत?

---

समध्वनी

डोक्यावरच्या विमानाला भिंत काय करणार! भिंत फक्त जमिनीवरच्या आवाजाला: धावपट्टीवरची धाव, टॅक्सीवे, सहायक इंजिनं. झाडांची एक-दोन रांग दिसायला बरी, आवाजाला नगण्य.

वेगळं उदाहरण स्किपोलचं. २००३ ला सुरू झालेल्या पोल्डरबान या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानांचा खालचा घुमणारा आवाज सपाट जमिनीवरून दूरपर्यंत जायचा. शेतं नांगरलेली असली की तो कमी होतो, असं लक्षात आलं. मग बाउटनस्कॉट नावाचं उद्यान केलं (२०१३), नांगराच्या सऱ्यांसारखे मातीचे समांतर वरंबे. ३० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाची तरंगलांबी ११ मीटरच्या जवळ असते, वरंब्यांचं अंतर त्याच हिशेबाचं. जागा भरपूर असेल तर छान, पण तेही जमिनीवरच्या आवाजापुरतंच.

---

धावपट्टी२७

अजून एक गोष्ट सुटली: मार्गच बदलले तर?

उपग्रहाधारित मार्गांमुळे विमानं आता रुळावरून गेल्यासारखी एकाच रेघेवर जातात. पूर्वी दोन किलोमीटर रुंद विखुरलेली असायची. सरासरी रेषेत फार बदल दिसत नाही, पण रेघेखालच्या गल्लीत दर दोन मिनिटांनी विमान. फिनिक्समध्ये २०१४ ला असे मार्ग सुरू झाले, शहर न्यायालयात गेलं आणि २०१७ ला निकाल शहराच्या बाजूनं लागला. यातली बरीच घरं ६५ च्या कितीतरी बाहेर होती.

म्हणून आराखडा मंजूर करताना विमानतळ आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांच्याकडून मार्गांचा नकाशा लेखी घ्या, आणि मार्ग बदलण्याआधी नियोजन प्राधिकरणाला कळवणं बंधनकारक करा. नाहीतर तुम्ही एका मार्गासाठी जमीन राखता आणि विमानं दुसरीकडून जातात.

---

नगररचना_कट्टा

नियमावलीत घालायच्या बारीकसारीक गोष्टी, ज्या नसल्या की अपील होतं:

रेषा भूखंडाला मधून कापत असेल तर पूर्ण भूखंडाला वरच्या पट्ट्याचे नियम. मोठे भूखंड (समजा २ हेक्टरच्या वर) असतील तर इमारत कमी आवाजाच्या बाजूला आणि वाहनतळ जास्त आवाजाच्या बाजूला, अशी सक्ती पुरते.

जुन्या घरांची पुनर्बांधणी आणि वाढीव मजला यांना 'नवीन बांधकाम' धरायचं की नाही, ते स्पष्ट लिहा. एका घराचे आठ होत असतील तर ते नवीनच.

एफएसआय हस्तांतरण (बांधकामाचा हक्क एका भूखंडावरून दुसऱ्यावर नेणं) असेल तर विमानतळ पट्ट्यातून बाहेर जाणारं चालेल, आत येणारं नाही. हे न लिहिल्यानं राखलेल्या पट्ट्यातच उंच इमारती उगवतात.

नकाशाचं वर्ष, मॉडेलचं नाव आणि आवृत्ती, धरलेली विमानसंख्या आराखड्याच्या पुस्तिकेत छापा. फक्त रेघ छापली तर दहा वर्षांनी ती कशावरून काढली हे कोणालाच सांगता येत नाही आणि न्यायालयात पहिल्या तारखेला पडते.

---

कावळा_उडाला

शेवटची शंका. रात्री दुरुस्तीनंतर इंजिन चालवून बघतात, तो आवाज या रेषांत असतो का?

---

धावपट्टी२७

बहुधा नसतो. उड्डाण-अवतरणाच्या रेषांमध्ये इंजिन चाचणी धरत नाहीत, वेगळी मागावी लागते. आवाज पुढे-मागे सारखा पसरत नाही, मागच्या बाजूला तिरका जास्त जातो, आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करावं लागतं. त्यामुळे चाचणीची जागा ठरवताना नेहमीचा वारा पाहून मागची तिरकी बाजू कुठल्या वस्तीकडे येते ते बघा. तीन बाजूंनी बंद, आतून शोषक लावलेलं चाचणीचं आवार बांधता येतं. पण तोंड ज्या दिशेला उघडं, तिथे पुढे कोणाला प्लॉट देऊ नका.